अर्जातला एकच रकाना

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात निवडलेली चारही पत्रे मुंबईतल्या वस्त्यांमधून चालणाऱ्या केंद्रांविषयी आहेत. ज्यांच्या वाट्याला जात, स्त्रीत्व, अपंगत्व, धर्म, लैंगिकता किंवा बेघरपणा यांपैकी एकाहून अधिक कारणांनी दुजाभाव येतो, त्यांच्यासाठी ही केंद्रे नेमके काय करू शकतात, हा या पत्रांमधला सामाईक प्रश्न आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी बावीस वर्षांची असून मानखुर्दच्या एका पुनर्वसन वसाहतीत राहते. मी मातंग समाजाची आहे, आई कंत्राटी सफाई कामगार आहे आणि मला कुबड्या घेऊन चालावे लागते. अपंग व्यक्तींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी संगणकाचा वर्ग लावला होता. तिथे माझे आडनाव आणि आईचे काम कळल्यावर डबा खाताना काही जणी उठून दुसरीकडे बसू लागल्या. तक्रार केली तेव्हा ‘आपण इथे जात मानत नाही’ असे सांगून विषय मिटवण्यात आला. वस्तीतल्या मंडळाच्या अभ्यासिकेत जातीचा त्रास नाही, पण ती लोखंडी जिन्याने चढून जावे लागते अशा माळ्यावर आहे आणि संध्याकाळी तिथे फक्त मुलेच बसतात. शेवटी एका महिला केंद्रात गेले, तर त्यांनी अपंगांच्या विभागाचा पत्ता दिला. त्यांच्या अर्जात ‘अडचणीचे स्वरूप’ असा एकच रकाना होता. ताई, त्या रकान्यात मी काय लिहायचे?

उत्तर : त्या रकान्यात मावेल तेवढे सगळे लिहा आणि मावले नाही तर मागच्या कोऱ्या बाजूवर लिहा. हे मी उगीच सांगत नाही. त्यामागचे कारण थोडे सविस्तर मांडते.

तुमच्या पत्रातल्या तिन्ही ठिकाणी कोणी उघडपणे तुम्हाला हाकलले नाही. प्रत्येकाने आपल्या कामाची हद्द आखून घेतली होती आणि तुमचा अनुभव त्या हद्दीच्या रेषेवर पडत होता, म्हणून तो कोणाचाच ठरला नाही. कायद्याच्या जगात हीच गोष्ट अमेरिकेत एका खटल्यामुळे ठळकपणे पुढे आली. जनरल मोटर्सविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी दाद मागितली होती. कंपनीने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलेच नव्हते आणि पुढे मंदीत सेवाज्येष्ठतेनुसार कपात केली तेव्हा साहजिकच त्याच बाहेर पडल्या. १९७६ मध्ये न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले, कारण कारखान्यात कृष्णवर्णीय पुरुष होते आणि कचेरीत गोऱ्या स्त्रिया होत्या; म्हणजे वंशभेदही सिद्ध होत नव्हता आणि लिंगभेदही. किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासकांनी १९८९ मध्ये या प्रकाराला जे नाव दिले, त्याला मराठीत आपण आंतरछेदितता म्हणतो. चौकात उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही रस्त्यांवरून येणाऱ्या वाहनांचा धोका असतो, असे उदाहरण त्यांनी दिले होते.

शब्द नवा असला तरी जाणीव आपल्याकडे जुनी आहे. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात तिने मांग-महारांच्या एकूण दुःखाबरोबर डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या त्यांच्या स्त्रियांचे दुःख वेगळे करून सांगितले. जात आणि स्त्रीत्व एकाच देहावर कसे एकत्र येतात, हे त्या मुलीने क्रेनशॉ यांच्या १३४ वर्षे आधी ओळखले होते. मातंग समाजातल्या मुलीला हे सांगताना मला विशेष समाधान वाटते.

आता आपल्या सर्वोच्च न्यायालयाकडे येऊ. २७ एप्रिल २०२१ रोजी पाटण जमाल वली प्रकरणात न्यायालयाने निकाल दिला. आंध्र प्रदेशातल्या, अनुसूचित जातीच्या आणि जन्मापासून अंध असलेल्या एका तरुणीवर बलात्कार झाला होता. तिची जात, तिचे स्त्री असणे आणि तिचे अंधत्व सुटे सुटे करून पाहता येणार नाही, हे न्यायालयाने विस्ताराने मांडले आणि आरोपीची जन्मठेप कायम ठेवली. मात्र अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील दोषसिद्धी रद्द झाली, कारण त्या वेळी लागू असलेल्या तरतुदीनुसार गुन्हा जातीच्या कारणावरून घडल्याचा स्वतंत्र पुरावा लागत होता आणि तसा पुरावा नोंदीवर आलेला नव्हता. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ही अट शिथिल केली असून पीडित व्यक्ती अनुसूचित जाती किंवा जमातीची आहे हे आरोपीला ठाऊक असणे आता पुरेसे ठरते. तरीही त्या निकालातून मी कार्यकर्ती म्हणून एक गोष्ट शिकले : न्यायाधीशांना सगळे उमगले तरी जे सुरुवातीला कागदावर आले नाही, ते शेवटी त्यांच्याही हाती राहत नाही. म्हणून केंद्रात पहिल्या दिवशी होणारी नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि म्हणूनच मागच्या बाजूवर लिहा असे मी म्हणते.

ज्या केंद्रात मी अनेक वर्षे काम केले, तिथेही आमच्या नोंदवहीत आरोग्य, शिक्षण, हिंसा, कागदपत्रे असे कप्पे होते आणि येणाऱ्या बाईला आम्ही त्यांपैकी एकात बसवत होतो. वर्षाअखेरीस वह्या चाळताना लक्षात आले, की एकाच बाईचे नाव चार वह्यांत आहे, चार कार्यकर्त्यांनी तिला चार वेळा तीच कहाणी सांगायला लावली आहे आणि तिची जात मात्र एकाही वहीत नाही, कारण ती विचारणे आम्हाला असभ्य वाटत होते. त्यानंतर आम्ही एका व्यक्तीची एकच फाइल ठेवू लागलो. पहिले पान मोकळे ठेवायचे आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, तिच्या संमतीने लिहायचे. ‘आपण इथे जात मानत नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या मनात खोट असेलच असे नाही, पण त्या वाक्याने तुमच्या तक्रारीचे दार बंद होते, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. तुमची तयारी असेल तर ते लेखी सांगा.

तुमच्या हक्काच्या काही गोष्टीही लक्षात ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार दारिद्र्य निर्मूलन व विकासाच्या योजनांमध्ये ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना पाच टक्के राखीव जागा असून त्यांत अपंग स्त्रियांना प्राधान्य द्यायचे आहे. त्यासाठी अपंगत्वाचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) काढलेले असले पाहिजे. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्री म्हणून, अनुसूचित जातीची व्यक्ती म्हणून आणि अपंग व्यक्ती म्हणून, अशा तिन्ही कारणांनी तुम्ही मोफत वकिलास पात्र आहात आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा आड येत नाही. १५१०० या क्रमांकावर त्याची चौकशी करता येते. अभ्यासिकेबाबत मंडळाला विनंतीचा अर्ज द्या : आठवड्यातून ठरावीक दिवस तळमजल्यावरच्या जागेत मुलींसाठी बैठक असावी. अर्जावर वस्तीतल्या आणखी दोन-तीन मुलींच्या सह्या घ्या. त्या खात्रीने मिळतील, कारण मुलेच बसतात म्हणून न जाणाऱ्या तुम्ही एकट्या नसणार.

प्रश्न : भांडुपमधील झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या एका इमारतीत मी सोसायटीचा सचिव आहे. आमच्या तळमजल्यावर कल्याण केंद्राची खोली आहे, पण बारसे-हळदीचे दिवस सोडले तर तिला कुलूप असते. इमारतीतल्या काही महिलांनी तिथे केंद्र चालवायचे ठरवले आहे. त्यात कचरा वेचणाऱ्या बाया, पुलाखाली राहणारी कुटुंबे आणि जवळपासच्या तृतीयपंथी व्यक्तीही याव्यात अशी त्यांची इच्छा आहे. सभेत मोठा विरोध झाला. ‘आम्हीच गरीब, त्यात बाहेरच्यांची भर कशाला’ असे बहुतेकांचे म्हणणे आहे. मी काय भूमिका घ्यावी?

उत्तर : सचिव म्हणून तुमच्या हाती त्या खोलीची किल्ली आहे, तेव्हा आधी खोलीविषयी बोलू. पुनर्वसन योजनेच्या नियमांतच बालवाडी आणि कल्याण केंद्र यांची तरतूद आहे. ती जागा रहिवाशांच्या सामाजिक उपयोगासाठी बांधून दिलेली असते. कुलूप लावून ठेवणे हा तिचा उपयोग नव्हे, हे सभेत शांतपणे मांडता येईल. त्याच वेळी हेही मान्य करायला हवे, की ती जागा प्रथम तुमच्या रहिवाशांची आहे. म्हणून केंद्र चालवू पाहणाऱ्या महिलांनी सुरुवात इमारतीतल्याच स्त्रियांपासून करावी. तुमच्या दोन-तीनशे घरांत घरकाम करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, मारहाण सोसणाऱ्या, मूल अपंग म्हणून घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रिया असतीलच. ‘बाहेरचे’ आणि ‘आतले’ ही रेषा त्या खोलीत बसल्यावर किती पुसट आहे ते दिसू लागते. कचरा वेचणारी बाई अनेकदा कोणाची तरी मावशी निघते.

या शहराने अशा जागा पूर्वीही दिल्या आहेत आणि त्यांतून मोठी कामे उभी राहिली आहेत. नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२०च्या दशकात नेबरहुड हाऊस हे वस्तीकेंद्र चालवले. वस्तीत काम करणाऱ्यांना प्रशिक्षण हवे ही गरज त्या अनुभवातून पुढे आली आणि १९३६ मध्ये समाजकार्याची जी शाळा सुरू झाली, ती आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था होय. भायखळ्यात १९८४ मध्ये स्पार्क या संस्थेचे काम महापालिकेच्या दवाखान्याच्या आवारातल्या छोट्याशा जागेत सुरू झाले. फुटपाथवर राहणाऱ्या बाया तिथे येऊन बसत, पैसे साठवत, आपल्या झोपड्यांची मोजणी करत. त्यांच्यातूनच १९८६ मध्ये महिला मिलन ही संघटना उभी राहिली. वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीतल्या जागेवर हमसफर ट्रस्टने समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी केंद्र चालवले, तेही समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ पूर्ण लागू असलेल्या काळात. त्या वेळी कोणी ‘ही माणसे आमच्या इमारतीत नकोत’ म्हणून अडून बसले असते, तर एड्सच्या साथीत या लोकांपर्यंत पोहोचण्याची एक महत्त्वाची वाट बंद झाली असती.

यांतल्या प्रत्येक ठिकाणी जागा साधी होती, पण तिथे जाण्याला एक सन्मानाचे निमित्त होते, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० मध्ये सेहत ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्राचे उदाहरण घ्या. घरात मार खाणारी बाई महिला केंद्रात चालले असे सासरी सांगू शकत नाही. दवाखान्यात चालले असे सांगू शकते. केंद्र रुग्णालयात असल्यामुळे तिची वाट मोकळी झाली, आणि पुढे शहरातल्या इतर पालिका रुग्णालयांमध्येही हा प्रयोग नेण्यात आला. तुमच्या खोलीवरही ‘पीडितांसाठी’ असा फलक लावू नका. शिवणकाम, बचत गट, रेशन व आधारचे अर्ज, मुलांचा अभ्यास अशा कामांनी ती खोली ओळखली जाऊ द्या. तृतीयपंथी व्यक्ती तिथे बचत गटाची सभासद म्हणून येईल तेव्हा शेजाऱ्यांची भीती ओसरायला वेळ लागणार नाही. भीती बहुधा अनोळखीपणाची असते, आणि २०१४च्या नालसा निकालाने सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना दिलेली कायदेशीर ओळख अजून इमारतींच्या जिन्यांपर्यंत पोहोचायची आहे.

सभेपुढे ठेवण्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सुचवते. सहा महिन्यांचा ठराव करा, कायमचा नको. दिवस आणि वेळ ठरवताना कचरा वेचणाऱ्या बाया पहाटे निघून दुपारी परततात आणि घरकामवाल्या दुपारी दोन ते चार मोकळ्या असतात, हे ध्यानात घ्या. संध्याकाळची सभा ही पुरुषांच्या सोयीची वेळ आहे. हळदी-बारशांच्या तारखा रहिवाशांना राहू द्या, नाहीतर पहिल्याच महिन्यात कटुता येईल. विजेचे बिल आणि साफसफाई केंद्राने करावी. आणि किल्ली दोघांकडे असावी : एक तुमच्याकडे आणि एक केंद्रात येणाऱ्या महिलांपैकी कोणाकडे तरी. ही शेवटची गोष्ट सभेत जड जाईल, पण तिचा आग्रह सोडू नका. किल्ली मागायला दरवेळी सचिवाच्या दारात उभे राहावे लागणारी बाई त्या खोलीत पाहुणीच राहते.

महापालिकेकडूनही मागणी करता येते. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यात आधार केंद्र (आधार कार्डाचे नव्हे), बेघरांसाठी निवारा, नोकरदार महिलांसाठी निवासव्यवस्था अशी आरक्षणे आहेत. तुमच्या विभाग कार्यालयात जाऊन जवळपास अशी आरक्षित जागा आहे का, ते पाहा. पुलाखालच्या कुटुंबांचा सगळा भार तुमच्या एका खोलीवर यावा असे कोणीच म्हणणार नाही.

प्रश्न : मी दादरचा निवृत्त शिक्षक आहे. प्रत्येक गटाचे दुःख वेगळे मोजत बसलो तर कष्टकऱ्यांची एकजूट विखुरते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. बाबासाहेबांनी संघटित होण्यास सांगितले होते. वेगवेगळी केंद्रे काढून आपण उलट दिशेने जात नाही का?

उत्तर : आपली शंका मनापासूनची आहे, आणि तिचे उत्तर आपल्या घरापासून जवळच, परळच्या दामोदर हॉलमध्ये सापडते. बाबासाहेबांनी जुलै १९२४ मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय तिथे होते. त्याच गिरणगावात कामगार हा कामगार म्हणून एकच मानला जाई, तरी अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. मागावर तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे, म्हणून सवर्ण कामगारांना तो तिथे चालत नसे. त्या खात्यात मजुरी जास्त होती, म्हणजे विटाळाची किंमत पगारातून वसूल होत होती. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे आग्रहाने ठेवला. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. कामगारांतला अस्पृश्य आणि कामगारांतली स्त्री यांची दुःखे त्यांनी वेगळी मोजली, आणि एकजूट त्यामुळे विखुरते असे त्यांनी मानले नाही. जी एकजूट आपल्यातल्या सर्वांत खालच्या माणसाला गप्प राहायला सांगते, तिच्यात तो माणूस फार दिवस टिकत नाही, असे मला वाटते. केंद्रे वेगळी असावीत की एकच असावे, यावर मात्र माझे मत आपल्या बाजूचे आहे : शक्यतो एकच असावे.

प्रश्न : जोगेश्वरीजवळ पुलाखाली राहणाऱ्या मुलांसाठी मी बालवाडी चालवते. त्यांत वैदू समाजाची सहा वर्षांची एक मुलगी आहे. वडील घर सोडून गेले आहेत, आई फुगे विकते. मुलीला शाळेत घालायचे आहे आणि पुढे जातीचा दाखलाही लागेल, पण आईकडे आधारखेरीज कोणताच कागद नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : शाळेपासून करा, दाखल्यापासून नको. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार जन्माचा दाखला नाही या कारणाने मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. पालिकेच्या शाळेत मुलीला घेऊन जा, आणि मुख्याध्यापक कागद मागू लागले तर त्यांना ही तरतूद दाखवा.

प्रवेशाच्या वेळी एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जातीचा रकाना असतो. पुलाखाली राहणाऱ्या आया भीतीने किंवा संकोचाने नुसते ‘हिंदू’ सांगतात आणि रकाना तसाच भरला जातो. दहा वर्षांनी मुलगी शिष्यवृत्तीसाठी उभी राहते तेव्हा हीच नोंद तिच्या विरुद्ध पुरावा म्हणून पुढे येते. तिथे ‘वैदू’ अशी स्पष्ट नोंद होईल असे पाहा आणि आईला त्याचे कारण आधीच, निवांतपणे समजावून सांगा. जात सांगितल्यामुळे मार खाल्लेली माणसे आहेत ती. त्यांचे गप्प राहणे अडाणीपणाचे नाही.

दाखल्याची वाट लांबची आहे. महाराष्ट्रात भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही मानीव तारीख धरली जाते. त्या दिवशी मुलीचे पूर्वज महाराष्ट्रात जिथे राहत होते, तिथल्या सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, आणि पुरावे वडिलांकडच्या नात्यातले मागितले जातात. फिरस्तीच्या समाजाला साठ वर्षांपूर्वीचा मुक्काम सिद्ध करायला सांगणे मुळातच कठीण, त्यात नवऱ्याने टाकलेल्या बाईला नवऱ्याच्या घरचे कागद आणायला सांगितले जाते. पहिल्या पत्रातल्या तरुणीने विचारलेला प्रश्न इथे सरकारी कचेरीत उभा आहे. म्हणून बाईला एकटीने पाठवू नका. मुलीचे आजोबा, काका, चुलत आत्या, यांपैकी कोणी शाळेत गेले असेल किंवा कोणाचा वैध दाखला असेल, तर त्यांचा शोध जमातीच्या पंचांमार्फत आणि गावाकडच्या नातलगांमार्फत घ्या. सासरशी बोलणे तिला जड जात असेल, तर ते बोलणे तुम्ही करा. काहीच सापडले नाही, तर स्थानिक चौकशी करून निर्णय द्यावा अशी लेखी विनंती अर्जातच करा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागा, म्हणजे अपील करता येईल.

शाळेत नाव दाखल झाल्याबरोबर मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा प्रवेश निर्गम उतारा, म्हणजे जनरल रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल, काढून घ्या. एक प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईला द्या आणि दुसरी तुमच्या बालवाडीच्या कपाटात ठेवा, कारण पुलाखालचे सामान पालिकेची गाडी कधी उचलून नेईल, याचा नेम नसतो.